बंद पडलेला अणुकारखाना सरकार लगेच का पाडत नाही?

माझ्या मावसभावाचा मुलगा बोईसरला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्याने मला भलामोठा मेसेज टाकला: "आत्या, अमेरिकेत अणुबॉम्बचे कारखाने तीस-तीस वर्षांपूर्वी बंद झालेत तरी अजून तिथे पाडापाडी चालूच आहे, सरकार नुसते प्लॅनच करत बसतं का? एकदाच काय ते बजेट टाकून मोकळे का होत नाहीत? आणि उद्या आपलं तारापूर बंद झालं तर काय?" मी फोनवरच टाईप करायला बसले आणि ते वाढतच गेलं, म्हणून म्हटलं आता नीटच लिहावं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कुठल्या चष्म्यातून बोलतेय ते कळेल. मी अठरा वर्षं बंद पडलेल्या अणुसाइट साफ करून पाडायच्या धंद्यात आहे, सुरुवातीची वर्षं रेडिएशन प्रोटेक्शनमध्ये मीटर घेऊन हिंडण्यात गेली आणि आता प्लॅनिंग आणि एस्टिमेट करते, म्हणजे कुठली बिल्डिंग आधी, किती माणसं, किती पैसे, कचरा कुठे जाणार हे सगळं एक्सेलमध्ये कोंबते. ज्या साइटवर मी स्वतः काम केलं तिचं नाव घेणार नाही, खाली जी नावं येतील ती सगळी जाहीर रेकॉर्डवरची आहेत.

तर तुझ्या प्रश्नातली पहिली गफलत अशी की बंद म्हणजे शांत असं तू धरून चाललायस. आपण घर बंद करून गावाला जाताना मेन स्विच पाडतो, गॅसचा नॉब बघतो आणि कुलूप लावतो, झालं. प्लुटोनियमच्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडताच येत नाही रे. आतली हवा बाहेर यायची नाही म्हणून आतलं प्रेशर कायम बाहेरच्यापेक्षा कमी ठेवावं लागतं, त्यासाठी पंखे चोवीस तास फिरतात, ती हवा फिल्टरमधून जाते, ते फिल्टर बदलावे लागतात, आग लागल्याचा अलार्म चालू पाहिजे, छत गळता कामा नये, गेटवर माणूस पाहिजे आणि आमच्यासारखं कोणीतरी ठरल्या दिवशी आत जाऊन मोजमाप घेऊन यायला पाहिजे. म्हणजे बिल्डिंग काहीच बनवत नाही तरी तिचा खर्च चालूच. मुंबईतल्या जुन्या सेस बिल्डिंगा आठव, दर पावसाळ्याआधी निळी ताडपत्री, नवीन टेकू, आणि रीडेव्हलपमेंटची फाईल कुठेतरी अडकलेली. अगदी तसंच, फक्त इथे टेकू काढला तर आतला माल हवेत जाऊ शकतो.

म्हणून सरकारी प्लॅनमध्ये खरी डोकेफोड "कसं पाडायचं" ही नसते, करवती, क्रेन, रोबो सगळं मिळतं. प्रश्न असतो की कोणत्या बिल्डिंगला थांबवायचं, आणि थांबवलं तर ती सुधारणार की बिघडणार.

हे जरा नीट समजून घे कारण इथेच बहुतेक लोक घसरतात. वीज बनवणारी किंवा प्लुटोनियम तयार करणारी रिअ‍ॅक्टर असेल तर तिच्या लोखंडातला बराचसा त्रास कोबाल्ट-६० चा असतो, त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास, म्हणजे पन्नास वर्षं नुसतं झाकून ठेवलंस तर सातशेपटीने कमी होतं. तिथे थांबणं शहाणपणाचं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड म्हणून साइट आहे, कोलंबिया नदीच्या काठी, साधारण दीड हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या मुंबईच्या अडीचपट, तिथे प्लुटोनियम बनवणाऱ्या ९ रिअ‍ॅक्टर होत्या. त्यातल्या बहुतेकांभोवतीच्या बिल्डिंगा काढून मधल्या गाभ्याला स्टीलचं छत-भिंती घालून बंद केलंय, कोकून म्हणतात त्याला, ७५ वर्षांपर्यंत असंच ठेवायचं म्हणून. पहिला कोकून १९९८ मध्ये पुरा झाला. एक रिअ‍ॅक्टर, बी रिअ‍ॅक्टर, म्युझियम केलीय.

पण तेच प्लुटोनियम ज्या कारखान्यात हाताळलं जायचं तिथे थांबून काय मिळणार? प्लुटोनियम-२३९ चं अर्धआयुष्य २४ हजार वर्षं. उलट त्यात थोडं प्लुटोनियम-२४१ असतं, ते चौदा वर्षांत निम्मं होतं खरं, पण होऊन बनतं काय तर अमेरिसियम-२४१, आणि हे अमेरिसियम गॅमा किरण सोडतं. म्हणजे १९७० मध्ये ज्या ग्लोव्हबॉक्ससमोर (काचेची बंद पेटी, तिला जडवलेल्या हातमोज्यांतून आत काम करायचं) माणूस तासन् तास उभा राहायचा त्याच्यासमोर आज आपला डोस तेव्हापेक्षा जास्त भरतो, आत नवीन काही न टाकता. हे वाढणं सत्तरेक वर्षं चालतं. अशा ठिकाणी "बघू पुढच्या दशकात" म्हणणारा ऑफिसर पैसे वाचवत नाहीये, पुढच्या पोरांच्या अंगावर ढकलतोय.

हॅनफर्डमध्येच प्लुटोनियम फिनिशिंग प्लँट होता. तिथे १९७६ मध्ये कामगारांचा संप झाला, त्या काळात अमेरिसियम वेगळं करायचा रेझिनचा कॉलम (अमेरिसियम धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या दाण्यांची उभी नळी) काही महिने तसाच भरलेला राहिला, रेडिएशनने रेझिन आतून खराब होत गेलं, आणि ऑगस्टच्या शेवटी परत चालू करताना नायट्रिक अ‍ॅसिड सोडल्यावर तो फुटला. समोर हॅरल्ड मक्लस्की नावाचा चौसष्ट वर्षांचा ऑपरेटर होता, त्याच्या तोंडावर काच, अ‍ॅसिड आणि अमेरिसियम. तो वाचला, अकरा वर्षांनी दुसऱ्याच कारणाने गेला, पण तोवर लोक त्याच्या जवळ यायला घाबरायचे. ती खोली मात्र नंतर दशकानुदशकं जवळपास बंदच राहिली. म्हणजे बघ, नुसतं पडून राहणं हेच अपघाताचं कारण.

बरं, मग त्या प्लँटची पाडापाडी २०१६ च्या शेवटी सुरू झाली, उघड्यावर, पाण्याचे फवारे मारत आणि धूळ दाबायचं केमिकल मारत. २०१७ च्या जूनमध्ये आणि परत डिसेंबरमध्ये कंटॅमिनेशन, म्हणजे किरणोत्सारी कण, ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं, ४२ कामगारांच्या शरीरात कण सापडले, काहींच्या गाड्यांवरसुद्धा. डोस कमी होते हे खरं, पण काम थांबलं ते पुढच्या सप्टेंबरपर्यंत. थांबणं वाईट म्हणून घाई चांगली असं होत नाही.

आणि त्याच वर्षी, ९ मे २०१७, तिथलाच दुसरा नमुना. प्युरेक्स नावाच्या जुन्या रिप्रोसेसिंग प्लँटला (वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचा कारखाना) लागून दोन बोगदे होते, प्लँटमधली बिघडलेली, प्रचंड रेडिओअ‍ॅक्टिव्ह मशिनरी रेल्वेच्या वॅगनवर चढवायची आणि वॅगनसकट बोगद्यात ढकलून द्यायची. पहिल्या बोगद्यात ८ वॅगन, दुसऱ्यात २८. पहिला १९५६ चा, लाकडी तुळयांचा, वर आठ-दहा फूट माती. रेडिएशनने लाकूड कमजोर होत चाललंय हे आधीच्या तपासण्यांमध्ये लिहिलेलं होतं, कागदावर व्यवस्थित. त्या सकाळी रोजच्या फेरीवर गेलेल्या माणसाला दिसलं की वरची माती खचून साधारण वीस फुटांचं भोक पडलंय. हजारो कामगारांना खिडक्या-दारं लावून आतच बसायला सांगितलं, नंतर माती ओतली, मग अख्खा बोगदा ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटने, भरून टाकला, दुसराही २०१९ पर्यंत भरला. सुदैवाने बाहेर काही आलं नाही. गंमत म्हणजे बोगदा प्लॅनमध्ये होताच, फक्त रांगेत मागे होता. लाकडाला रांग कळत नाही.

आता रांग लावतं कोण? अमेरिकेत ऊर्जा खात्याचं एक ऑफिस आहे, पर्यावरण व्यवस्थापनाचं, १९८९ मध्ये याच कामासाठी काढलेलं. नावाला सगळी सफाई त्यांची. पण बिल्डिंगा बहुतेक वेळा दुसऱ्याच ऑफिसच्या मालकीच्या, शस्त्रांवाल्यांच्या किंवा संशोधनवाल्यांच्या. मालक म्हणतो आमचं काम संपलं, घ्या ताब्यात. सफाईवाले म्हणतात आधीच इतक्या पडल्यात, पैसे आल्यावर बघू. २०१५ च्या सरकारी ऑडिटमध्ये हे आलंय, शस्त्रांच्या विभागाने पुढे हस्तांतर करायच्या ८३ कंटॅमिनेटेड बिल्डिंगा काढल्या होत्या, त्यातल्या ५६ आधीच बंद पडलेल्या, आणि सफाईचं ऑफिस दहा वर्षांहून जास्त काळ नवीन काही ताब्यातच घेत नव्हतं. मग मधल्या काळात छताला पैसे कोण देणार? ज्याला ती बिल्डिंग नकोच आहे तो. देतो, पण किती आणि कसे ते तुला कळलंच असेल. ही टोलवाटोलवी मी जवळून बघितलीय, मीटिंगमध्ये एका छताच्या दुरुस्तीवर दोन तास, आणि शेवटी ठरलं काय तर बादल्या ठेवा. खरंच बादल्या ठेवल्या. दर आठवड्याला आम्ही त्या बादल्यांतलं पाणी मोजायचो, कारण कंटॅमिनेटेड बिल्डिंगमध्ये गळलेलं पाणी पण कचराच, ते मोरीत ओतता येत नाही.

दुसरी खरी अडचण: आत काय आहे हे माहीत नसणं. लोकांना वाटतं नकाशे असतील, रजिस्टर असतील. असतात की. पण चाळीस वर्षांत शिफ्टवाल्यांनी केलेले जुगाड त्यात नसतात. आमच्याकडे एका खोलीत भिंतीलगत एक पाइप होता, ड्रॉइंगवर "वापरात नाही" अशी खूण, त्याला झाकण लावलेलं, वरून पिवळा रंग. कापायच्या यादीत घेतला. सुदैवाने एस्टिमेटसाठी आम्ही एका रिटायर्ड ऑपरेटरला बोलावलं होतं, ऐंशीच्या घरातला माणूस, काठी टेकत आला, फोटोतला तो पाइप बघितला आणि म्हणाला हा कसा काय बंद, एका हिवाळ्यात मुख्य लाइन गोठली तेव्हा आम्ही यातूनच टाकी रिकामी केली होती, उतार उलटा आहे, खालच्या बाजूला बघा. बघितलं तर वाकलेल्या भागात चारेक लिटर अ‍ॅसिड तसंच बसलेलं. करवत मारली असती तर कोणाच्या तरी मांडीवर आलं असतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्लॅनमध्ये पहिली ओळ हीच, जुन्या माणसांशी बोलायचे पैसे. पाइप कापायच्या आधी. बिल्डिंग बंद झाली की सहा महिन्यांत ही माणसं पांगतात, वीस वर्षांनी निम्मी उरत नाहीत, आणि मग तेच कळायला आपण कॅमेरे आणि रोबो पाठवतो, शंभरपट खर्चात.

मोजणं हाही प्रकार वाटतो तितका सोपा नाही. प्लुटोनियमचे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, म्हणून अल्फाचा प्रोब पृष्ठभागापासून पाव इंचावर धरून अगदी हळू सरकवावा लागतो, टेकला तर पडदा फाटतो, उंच धरला तर काहीच दिसत नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी सकाळी सहाला काँक्रीटचा एक चौथरा मोजला, सगळं शून्य, खूश होऊन फॉर्म भरला. माझ्या सुपरवायझर बाईंनी फॉर्म बघितला, मग माझे बूट बघितले, ओले होते. दव पडलेलं. पाण्याच्या थराखालून अल्फा येतच नाही. दहा वाजता ऊन पडल्यावर परत मोजलं आणि दोन ठिकाणी काटा उडाला. आता कल्पना कर, अशा हजारो वाचनांवर अब्जावधींचा अंदाज उभा असतो.

अंदाज चुकला तर काय होतं त्याचा नमुना इंग्लंडचा. तिथे अणुसफाईसाठी २००५ पासून एनडीए (न्यूक्लिअर डीकमिशनिंग अथॉरिटी) नावाची सरकारी संस्था आहे, डीकमिशनिंग म्हणजे बंद प्लँट साफ करून मोडीत काढणं. त्यांनी २०१४ मध्ये जुन्या मॅग्नॉक्स रिअ‍ॅक्टरच्या आणि दोन संशोधनाच्या अशा १२ साइटचं कंत्राट दिलं, ६ अब्ज पाउंडांच्या वर. टेंडरमध्ये लिहिलेलं काम आणि साइटवर प्रत्यक्ष असलेलं काम यात एवढी तफावत निघाली की २०१७ मध्ये कंत्राट अर्ध्यात गुंडाळायचं ठरलं, वर टेंडर हरलेल्यांनी कोर्टात जिंकून जवळपास दहा कोटी पाउंड नेले. कंत्राटदाराला शिव्या घालणं सोपं आहे, पण ज्याला आपल्याच घरात काय आहे ते माहीत नाही त्याने टेंडर काढलंच कशाला हा माझा प्रश्न.

सगळंच रडगाणं नाहीये. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ रॉकी फ्लॅट्स होतं, प्लुटोनियमच्या बॉम्बचे गाभे बनवणारा कारखाना, १९५७ आणि १९६९ मध्ये मोठ्या आगी लागलेल्या, जून १९८९ मध्ये तर सरकारच्या कारखान्यावर सरकारच्याच एफबीआयने धाड टाकली. १९९५ च्या सुमाराचा सरकारी अंदाज होता ३६ अब्ज डॉलर आणि ६५ वर्षं. ऑक्टोबर २००५ मध्ये काम संपलं, ७ अब्जांच्या आसपास. आठशेच्या आसपास इमारती, चौदाशेच्या वर ग्लोव्हबॉक्स.

हे कसं जमलं यावर आमच्या धंद्यात अजून वाद चालतात. कंत्राट असं होतं की लवकर आणि सुरक्षित संपवलं तर जास्त पैसे, ते एक. ग्लोव्हबॉक्स तुकडे न करता केमिकलने इतके धुतले की ते महागड्या कचऱ्यातून स्वस्त कचऱ्यात गेले, ते दुसरं, आणि यात फार पैसे वाचले. पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच होतं: शेवट काय हवाय हे आधी ठरलं. इथे घरं बांधायची नाहीत, वन्यजीव आश्रयस्थान होणार, असा कायदा २००१ मध्ये झाला. जमिनीत प्लुटोनियम किती चालेल यावर गावकऱ्यांनी भांडून भांडून सरकारचा आकडा मातीच्या दर ग्रॅमला ६५१ पिकोक्युरीवरून (हे किरणोत्साराचं माप) वरच्या तीन फुटांसाठी ५० वर आणला. बदल्यात काय सोडलं, तर जमिनीखाली खोल काही पाये आणि तळघरं तशीच पुरलेली आहेत. मधला भाग आजही ऊर्जा खात्याकडेच आहे, तिथे लोकांना प्रवेश नाही. काहींच्या मते ही फसवणूक, काहींच्या मते व्यवहार. मी व्यवहाराच्या बाजूची, पण तिथे माझं घर नाही हेही खरं.

अजून एक, हे सगळं जमलं कारण माल जायला जागा होती. प्लुटोनियम साउथ कॅरोलायनाला गेलं, आणि प्लुटोनियम लागलेला कचरा न्यू मेक्सिकोत जमिनीखाली साडेसहाशे मीटर खोल मिठाच्या थरातल्या कोठारात, जे १९९९ मध्येच उघडलं होतं. ते उघडलं नसतं तर पिंपं बाहेर उभी राहिली असती. आणि तेच कोठार फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडलं, कशामुळे माहितीय? एका पिंपात ओल शोषायला मातीची पूड घालायच्या ऐवजी गव्हापासून बनवलेली मांजराची वाळू घातली होती, नायट्रेट आणि गहू, पिंप तापून फुटलं. त्यानंतर २०१७ पर्यंत नवीन कचरा आत गेला नाही आणि देशभरातल्या साइटवर पिंपं तुंबली. प्लॅनमध्ये आपण बिल्डिंग बघतो, पण अडतं ते तिसऱ्याच राज्यात, मांजराच्या वाळूवर.

पैशाचं थोडक्यात सांगते कारण तो विषय कंटाळवाणा आहे आणि सगळीकडे सारखाच. काम पन्नास वर्षांचं, पैसा वर्षाला मंजूर होतो. हॅनफर्डला निदान ऊर्जा खातं, पर्यावरण एजन्सी आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात मे १९८९ चा करार आहे, तारखा चुकल्या तर राज्य दंड लावतं, कोर्टात खेचतं. तारखा चुकतातच, पण ओरडायला कागद तरी आहे.

आता तारापूर. पहिली दोन युनिट १९६९ ची, आधी प्रत्येकी २१० मेगावॅट, नंतर १६० वर आणलेली. आपल्याकडे डीकमिशनिंगसाठी विजेच्या दरात युनिटमागे २ पैसे घेतात. तुझ्या घरी महिन्याला १५० युनिट लागत असतील आणि ती सगळी तारापूरची धरली तर ३ रुपये. १६० मेगावॅटचं युनिट वर्षभर ८० टक्क्यांनी चाललं तर मी हिशोब केला त्याप्रमाणे सव्वादोन कोटी रुपये जमतात, तारापूरच्याच ५४० मेगावॅटवाल्या युनिटमध्ये साडेसात कोटींच्या वर. चाळीस वर्षांचे करून बघ, व्याज धरलंस तरी, आणि मग वरचे डॉलर-पाउंडचे आकडे आठव. वीज बनवणारी रिअ‍ॅक्टर प्लुटोनियमच्या कारखान्याइतकी घाण नसते हे मान्य, सरळ तुलना होत नाही, आणि कोबाल्टचं सांगितलं तसं तिथे थोडं थांबलेलं चालतंही. तरी २ पैसे मला तोकडेच वाटतात.

पैशापेक्षा मला जास्त खटकलं ते कॅगने २०१२ मध्ये लिहिलेलं: अणुऊर्जा नियामक मंडळाचं डीकमिशनिंगचं मॅन्युअल येऊन तेरा वर्षं झाली तरी देशातल्या एकाही अणुवीज केंद्राचा डीकमिशनिंग प्लॅन तयार नव्हता, तीस वर्षं चाललेल्यांचाही नाही. आणि हे फक्त तारापूरपुरतं नाही, ट्रॉम्बेला संशोधनाची सायरस रिअ‍ॅक्टर आहे, १९६० ला चालू झाली, २०१० च्या ३१ डिसेंबरला कायमची बंद, म्हणजे ऐन मुंबईत.

तुझ्या बाबांच्या ओळखीत प्लँटमधून रिटायर झालेले दोन-तीन काका आहेत ना, ज्यांच्याकडे आपण गणपतीला जायचो? त्यांच्याकडे जा, चहा पी आणि विचार की त्यांच्या काळात कुठली लाइन कधी आणि का फिरवली. गुपितं विचारू नकोस, तेही सांगणार नाहीत. त्यांच्या ऑफिसने रिटायर होताना हे विचारून लिहून घेतलं होतं का, एवढंच विचार. काय उत्तर येतं ते मला कळव.